एंजिनाची साक्ष कशी वाचावी?

जुने घर विकत घेताना शहाणा मनुष्य भिंतींच्या रंगावर भुलत नाही. तो वासे ठोकून पाहतो, पावसाळ्यात छत कोठे गळते याची शेजारीपाजारी चौकशी करतो, आणि मगच विसार देतो. बैल घेणारा शेतकरी त्याचे दात मोजल्यावाचून दावे हातात धरीत नाही. परंतु जुनी मोटार, आणि त्यातही केवळ वेगाच्या हौसेखातर बांधलेली स्पोर्ट्स कार घेऊ पाहणाऱ्याची स्थिती मोठी अवघड असते. बाहेरचा रंग लखलखीत असतो, आतले कातडे मऊ असते, एंजिनाचा आवाजही कानाला गोड लागतो. मात्र त्या एंजिनाला पूर्वीच्या मालकाने कसे वागविले, हे सांगणारा शेजारी कोठेच भेटत नाही.

अशा वेळी ग्राहकाच्या हाती एक कागद येतो. पोर्श या जर्मन कारखान्याच्या ९११ जातीच्या मोटारींत असा कागद मिळण्याची सोय आहे, आणि जुन्या ९११ च्या खरेदीविक्रीत त्याला फार महत्त्व आलेले आहे. एंजिनावर देखरेख करणारी जी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पेटी मोटारीत असते, ती एंजिन ठराविक मर्यादेपलीकडे फिरले की त्याची नोंद करून ठेवते. स्टिअरिंगखालच्या जोडणीत तपासणीचे यंत्र लावले की या नोंदी वाचता येतात. १९९७ साली निघालेल्या ९९६ या पिढीच्या मोटारींत अशा नोंदींच्या दोन पायऱ्या होत्या. २००४ साली निघालेल्या ९९७ या पिढीत त्या सहा झाल्या. प्रत्येक पायरीसमोर दोन आकडे असतात. पहिला आकडा किती वेळा, हे सांगतो; दुसरा, शेवटची घटना एंजिनाच्या आयुष्यातील कितव्या तासाला घडली, हे सांगतो.

हा कागद पाहून कित्येक ग्राहकांची छाती दडपते. एखाद्या ओळीत आठ हजारांचा आकडा दिसला की ते हात झाडून उठतात. आणि शेजारच्या मोटारीच्या कागदावर सारी शून्ये पाहून आनंदाने पैसे मोजतात. या दोन्ही गोष्टींत पुष्कळदा चूक होते. तिची किंमत कधी ग्राहकाला भरावी लागते, तर कधी प्रामाणिक विक्रेत्याला. ती टाळण्यासाठी एंजिनाला मर्यादा का असते आणि ती ओलांडली जाते कशी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

२००६ साली विक्रीस आलेल्या ९९७ टर्बो या मोटारीचे उदाहरण घ्यावे. तिचे एंजिन सहा सिलिंडरांचे, ३.६ लिटरचे आणि ४८० अश्वशक्तीचे आहे. त्यातील पिस्टन सिलिंडरमध्ये ७६.४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभराच्या एकतृतीयांश इतकेच अंतर खालीवर करतो. परंतु एंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेत असता या चिमुकल्या अंतरातही त्याचा सरासरी वेग ताशी ६४ किलोमीटर होतो. एवढ्या वेगाने जाणारा हा धातूचा गोळा प्रत्येक सेकंदाला सुमारे २३३ वेळा थांबतो आणि उलट दिशेने पळू लागतो! प्रत्येक वळणावर त्याला आवरून धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर आणि त्या रॉडच्या बोल्टांवर पिस्टनच्या वजनाच्या दोन हजार पटींहून अधिक ओढ बसते.

ही ओढ फेऱ्यांच्या प्रमाणात वाढत नाही, तर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारे मर्म येथेच आहे. फेरे ७,००० वरून ९,००० वर गेले तर फेऱ्यांची वाढ अठ्ठावीस ते एकोणतीस टक्के होते, परंतु ओढ पासष्ट टक्क्यांनी वाढते. फेरे १०,००० झाले तर ती दुपटीच्याही वर जाते. म्हणून पहिल्या पायरीवरील एक नोंद आणि पाचव्या पायरीवरील एक नोंद यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे ओट्यावरून पडलेला आणि माडीवरून पडलेला यांना एकच औषध देण्यासारखे आहे.

दुसरे भय झडपांचे, म्हणजे व्हॉल्व्हांचे असते. झडप उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. मिटण्याचे काम मात्र स्प्रिंगकडे असते. कॅमशाफ्ट कितीही वेगाने फिरू शकेल, पण स्प्रिंगच्या चपळाईला सीमा आहे. ती सीमा ओलांडली की झडप कॅमच्या मागोमाग परत येत नाही; ती अंमळ मागे रेंगाळते. तेवढ्यात खालून पिस्टन वर येतो आणि दोघांची टक्कर होते. झडपेचा दांडा किंचित वाकला तरी ती पुढे घट्ट बसत नाही आणि सिलिंडरातील दाब निसटू लागतो.

आता, यंत्राने मर्यादेपलीकडे धावू नये याची काळजी यंत्रविद्येने फार पूर्वीपासून घेतलेली आहे. जेम्स वॉटने १७८८ साली आपल्या वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसविला, तो याच हेतूने. यंत्र भरधाव झाले की गोळे बाहेर फाकत आणि वाफ कमी होई. अलीकडच्या मोटारींत हे काम नियंत्रक पेटी करते. फेरे ठरलेल्या आकड्याला पोहोचले की ती पेट्रोल तोडते. फेरे उतरले की पुन्हा सोडते. यालाच मोटारवाले रेव्ह लिमिटर म्हणतात. मराठीत त्याला लगाम म्हटल्यास शोभून दिसेल.

या लगामापाशीच दोन प्रकारचे अतिवेग एकमेकांपासून वेगळे होतात. चालकाने पायाखालचे पेडल दाबून धरले आणि एंजिन आपल्याच बळाने वर चढत गेले, तर लगाम त्याला अडवितो; फार तर शंभर-दोनशे फेरे पुढे जाऊन ते थबकते. असे प्रसंग सहसा पहिल्या, क्वचित दुसऱ्या पायरीवर नोंदले जातात. तेथपर्यंतचा भार रचनाकाराने हिशेबात धरलेला असतो. परंतु समजा, हाताने गियर बदलण्याच्या मोटारीत चालक तिसऱ्या गियरमध्ये ६,५०० फेऱ्यांवर आहे आणि त्याला चौथा गियर घालावयाचा आहे. दांडा सरळ मागे ओढावयाचा, तो घाईत डावीकडे सरकतो आणि दुसऱ्या गियरमध्ये पडतो. दुसरा गियर तिसऱ्यापेक्षा सुमारे १.४ पट सखल असेल, तर क्लच सोडताक्षणी चाकेच एंजिनाला ९,१०० फेऱ्यांकडे खेचू लागतात. येथे पेट्रोल तोडून काय उपयोग? एंजिन पेट्रोलवर फिरतच नसते. दीड टन वजनाची धावती मोटार त्याला फिरवीत असते. लगाम घोड्याच्या तोंडात असतो. पण घोडाच कड्यावरून घसरला तर लगामाने तो थांबत नाही.

म्हणून वरच्या पायऱ्यांवरील नोंदी बहुधा चुकीच्या गियरच्या असतात, आणि त्या हाताने गियर बदलण्याच्या मोटारींतच अधिक आढळतात. आपोआप गियर बदलणाऱ्या मोटारींत यंत्रच असा घातक गियर घालण्याचे नाकारते.

आता पहिल्या आकड्याचा अर्थ पाहू गेल्यास भीतीचे एक मोठे कारण नाहीसे होते. हा आकडा प्रसंगांचा नसतो. तो ठिणग्यांचा असतो. सहा सिलिंडरांच्या चतुष्क्रमी एंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला तीन ठिणग्यांची पाळी येते. मिनिटाला ७,००० फेरे म्हणजे २१,००० ठिणग्या, म्हणजेच सेकंदाला ३५०. चालकाने एकदाच, एक सेकंदभर लगामाला स्पर्श केला तरी कागदावर तीनशे-साडेतीनशेचा आकडा उमटतो. तेव्हा आकडा पाहताच त्याला साडेतीनशेने भागावे. जो भागाकार येईल तो सेकंदांचा. आठ हजारांच्या राक्षसाचे तेवीस सेकंद होतात.

दुसरा आकडा तासांचा. त्याचे महत्त्व पहिल्याहून अधिक आहे. वाकलेली झडप किंवा निखळलेली स्प्रिंग पुष्कळदा थोड्याच काळात आपला दोष प्रकट करते. घटनेनंतर एंजिन शेकडो तास निरोगी चालले असेल, तर ते दिव्य करून बाहेर पडले असे बऱ्याच अंशी म्हणता येते. बऱ्याच अंशीच, कारण ताणलेल्या बोल्टाचा थकवा मुका असतो. उलट घटना विक्रीच्या आदल्या आठवड्यातली असेल, तर त्या एंजिनाची परीक्षा अद्याप झालेलीच नाही. ती नव्या मालकाच्या खर्चाने व्हावयाची आहे.

तासांच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट ताडता येते. वरच्या पायरीवर जाणारे एंजिन खालच्या पायऱ्यांवरूनच वर जाते आणि त्यांवरूनच खाली येते. म्हणून खालच्या पायरीचा शेवटचा तास वरच्या पायरीच्या तासाच्या आधीचा असू नये. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या पायरीसमोर एकच तास लिहिलेला असेल, तर त्या वरच्या ओळी बहुधा एकाच चुकीच्या समजाव्या. याउलट पाचव्या पायरीवर नोंद आहे आणि तिसरी-चौथी कोरी आहेत, असे दिसल्यास त्या कागदावर विश्वास ठेवण्यापूर्वी विचार करावा.

येथवरचे विवेचन मूळ स्थितीतील मोटारीला लागू पडते. ट्यून केलेल्या मोटारीत प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. ट्यून करणारा कारागीर नियंत्रक पेटीतील आज्ञा बदलून टर्बोचा दाब वाढवितो, आणि पुष्कळदा लगामही दोन-तीनशे फेऱ्यांनी वर सरकवितो. पायऱ्यांचे आकडे मात्र त्याने जुनेच राहू दिले, तर नव्या लगामाच्या आत राहूनही पहिली पायरी भराभर भरत जाते. असा मोठा आकडा चालकाच्या बेफिकिरीचा नसून लगाम आणि मोजपट्टी यांच्यातील विसंगतीचा असतो. याच्या उलटही घडते. कारागिराने पायऱ्याही वर सरकविल्या, तर एंजिन मूळ मर्यादेबाहेर नित्य फिरूनही कागद स्वच्छ राहतो. गज बदलला की कापडाची लांबी बदलते. कापड तेवढेच असते.

म्हणून ट्यून केलेल्या मोटारीचा कागद वाचण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. लगाम आता किती फेऱ्यांवर आहे? पायऱ्यांचे आकडे मूळचे आहेत की बदललेले? आणि एंजिनाच्या आतील भाग, म्हणजे झडपांच्या स्प्रिंगा, रॉड, बोल्ट, अधिक बळकट बसविले आहेत काय? बळकट भागांच्या एंजिनाला जो वेग सोसतो, तो मूळ भागांच्या एंजिनाला सोसेलच असे नाही. आणखी एक गोष्ट अशी की, स्मृती पेटीची असते, एंजिनाची नव्हे. एंजिन नव्याने बांधले आणि पेटी जुनीच ठेवली, तर नव्या एंजिनाच्या माथी जुन्याचे दोष येतात. पेटी बदलली, तर जुन्या एंजिनाचे सारे दोष एका दिवसात धुतले जातात.

उदाहरणादाखल तीन कल्पित कागद समोर ठेवावे. तीनही मोटारी ९९७ टर्बो, हाताने गियर बदलण्याच्या आणि ट्यून केलेल्या आहेत असे समजावे.

पहिलीचे अंतर ६२,००० किलोमीटर. एंजिनाचे एकूण तास १,२१०. पहिल्या पायरीवर ८,६४० ठिणग्या, शेवटची १,२०८ व्या तासाला. दुसरीवर ४१०, १,१९० व्या तासाला. तिसरी, चौथी व पाचवी यांवर अनुक्रमे ३६, २१ आणि ३४. तीनही ४०२ व्या तासाला. सहावी कोरी.

दुसरीचे अंतर ५८,००० किलोमीटर. एकूण तास ९६. पहिल्या पायरीवर १२ ठिणग्या. बाकी सर्वत्र शून्य.

तिसरीचे अंतर ७०,००० किलोमीटर. एकूण तास १,३९१. पहिल्या चार पायऱ्यांवर अनुक्रमे २६०, ३१, १४ आणि १८. चारही ओळींत शेवटचा तास १,३८८. पाचवी व सहावी कोऱ्या.

घाईचा ग्राहक पहिलीला पाठ दाखवील, तिसरीला ठीक म्हणेल आणि दुसरीच्या गळ्यात माळ घालील. आता भागाकार करून पाहावा.

पहिलीचा सरासरी वेग ताशी सुमारे ५१ किलोमीटर येतो. तो कोणत्याही वापरत्या मोटारीचा असू शकेल. ८,६४० ठिणग्या म्हणजे साऱ्या आयुष्यात मिळून पंचवीस सेकंद, तेही वर सरकविलेल्या लगामापाशी. वरच्या तीन पायऱ्यांच्या ९१ ठिणग्या म्हणजे सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा. एकच चुकलेला गियर. त्या चुकीनंतर हे एंजिन आठशेहून अधिक तास चालले आहे. दोष खरा आहे, गंभीरही आहे. परंतु तो लपविलेला नाही आणि काळाने पारखलेला आहे.

दुसरीचा भागाकार मात्र हसू आणणारा आहे. ९६ तासांत ५८,००० किलोमीटर म्हणजे ताशी सहाशे! एवढ्या वेगाने विमाने जातात. अर्थ उघड आहे: पेटी बदललेली आहे किंवा नोंदी पुसलेल्या आहेत. जुनी पेटी बिघडल्यामुळे ती बदलली असेल आणि तशी पावतीही असेल, तर विक्रेत्यावर संशय घेण्याचे कारण नाही. पण पावती नसेल, तर त्या शून्यांना निर्दोषपणाचा पुरावा मानता येणार नाही. तो साक्षीदार जन्मालाच काल आलेला आहे.

तिसरीचे आकडे लहान दिसतात, पण चौथ्या पायरीवरील घटना केवळ तीन तासांपूर्वीची आहे. कदाचित विक्रीपूर्वी मोटार पाहावयास आलेल्या एखाद्या उत्साही ग्राहकाच्याच हातून ती घडली असेल, आणि मालकाला तिचा पत्ताही नसेल. कागद चुकीची वेळ सांगतो. चुकणाऱ्याचे नाव सांगत नाही. काहीही असले तरी या एंजिनाची तपासणी झाल्याखेरीज व्यवहार होऊ नये.

ती तपासणी कशी करावी? सिलिंडरात दाबाची हवा भरून ती किती निसटते हे मोजावे. वाकलेली झडप येथे बहुधा पकडली जाते. बारीक कॅमेरा आत सोडून पिस्टनच्या माथ्यावर झडपेचे ठसे उमटले आहेत काय, ते पाहावे. तेलाची गाळणी कापून तीत धातूचे कण सापडतात काय, हे तपासावे. आणि कागद विक्रेत्याने आणून दिलेला न घेता, ग्राहकाच्या समक्ष, त्याने निवडलेल्या कारखान्यात नव्याने काढावा. मोटारीचा क्रमांक, एकूण तास आणि अंतर त्याच वेळी लिहून घ्यावे.

शेवटी, हा कागद ज्या गोष्टींविषयी मौन पाळतो, त्यांचेही स्मरण ठेवले पाहिजे. टर्बोचा दाब अतोनात वाढविला असता एंजिन चार हजार फेऱ्यांवरही रॉड वाकवून घेऊ शकते. त्या वेळी या सहा पायऱ्यांवर एकही ठिणगी नोंदली जात नाही. थंड तेलावर जोरात पळविणे, हलक्या पेट्रोलवर ठोके देत चालविणे, तेल वेळेवर न बदलणे, यांपैकी कशाचीच नोंद येथे होत नाही. ट्यून केलेल्या एंजिनाला हेच रोग अधिक जडतात. त्यांची साक्ष कारागिराच्या पावत्यांत, तेलाच्या हिशेबात आणि मालकाच्या सरळ उत्तरांत शोधावी लागते.

न्यायाधीश ज्याप्रमाणे साक्षीदाराचे एकच वाक्य ऐकून निकाल देत नाही, त्याप्रमाणे ग्राहकाने एका आकड्यावरून मोटारीचा निकाल लावू नये. कोणती पायरी, किती ठिणग्या, कितवा तास, आणि मोजपट्टी कोणाची, हे चार प्रश्न क्रमाने विचारले म्हणजे कागद बोलू लागतो. मग कित्येकदा असे आढळते की, जिच्या अंगावर जुन्या जखमेचा व्रण स्पष्ट दिसतो तीच मोटार अधिक भरवशाची असते. आणि जिच्या अंगावर एकही ओरखडा नाही, तिच्याविषयीच अधिक चौकशी करावी लागते.